गोष्टीचा आडोसा

कुठल्याही स्त्री-संघटनेच्या कार्यालयातलं पुस्तकांचं कपाट उघडून पाहावं. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची पुस्तिका, पोटगीची माहिती, परिषदांचे अहवाल, आरोग्याचे तक्ते, गाण्यांची पातळ पुस्तकं, जुन्या मोर्च्यांचे फलक. एका कप्प्यात आत्मकथनं: शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे, ऊर्मिला पवार. कथा-कादंबऱ्या असल्याच तर तळाशी, कुणीतरी घर बदलताना देऊन गेलेल्या. मुलांची गोष्टींची पुस्तकं पाळणाघर किंवा बालवाडी चालवणाऱ्या संघटनांकडे मिळतात. आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यावं असं जवळपास काहीच नसतं.

याचं कारण शोधायला लांब जायला नको. गोष्ट ही फुरसतीची चीज, असं आपल्यातल्या अनेकींना मनापासून वाटतं. रात्री अकरा वाजता मार खाल्लेली बाई दारात उभी राहते तेव्हा तिला पोलीस ठाण्यात न्यायचं असतं, तक्रार नोंदवून घ्यायला लावायची असते, रात्रीपुरता निवारा शोधायचा असतो. तिथे कादंबरी काय कामाची? दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. मराठी कथा-कादंबरी बराच काळ पांढरपेशा घरांत लिहिली गेली आणि तिथेच वाचली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा तिच्याशी काय संबंध?

दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरीही माझं म्हणणं असं, की गोष्टींचं वाचन हा संघटनेच्या कामाचाच भाग असला पाहिजे. आणि त्यासाठी पुस्तकं निवडताना जी कसोटी सर्रास लावली जाते ती बदलली पाहिजे.

सल्ला केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे, की बाई पहिल्या भेटीत खरं दुखणं सांगत नाही. ती पैशांचं सांगते, सासूचं सांगते, नवऱ्याच्या दारूचं सांगते. बिछान्यातल्या बळजबरीबद्दल बोलायला तिला कधी चार भेटी लागतात, तर कधी चार वर्षं. गटाच्या बैठकीत तर ती बोलणारच नाही, कारण शेजारी जाऊ बसलेली असते आणि समोर सरपंचाची बायको. ‘तुझ्या घरी कसं आहे?’ असं विचारलं तर पदर सावरून ‘आमचं बरं चाललंय’ म्हणेल. पण तिच्यासमोर एखादी गोष्ट वाचली आणि विचारलं, ‘या बाईने काय करायला हवं होतं?’ तर तीच बाई तावातावाने बोलू लागते. ती गोष्टीतल्या बाईबद्दल बोलत असते आणि स्वतःबद्दलही बोलत असते. कुणी टोकलंच तर म्हणायची सोय आहे: ‘मी आपली गोष्टीतलं बोलत्ये!’

हा आडोसा कायद्याच्या पुस्तिकेत मिळत नाही. आत्मकथनातही मिळत नाही. आत्मकथनात बाई स्वतःच्या नावानिशी उभी असते. ते धैर्य फार मोठं, पण ऐकणारीला त्याचं दडपणही येऊ शकतं. गोष्टीतली बाई कुणाचीच नसते, म्हणून तिच्याबद्दल कुणीही बोलू शकते.

ही काही नवी युक्ती नव्हे. श्रावणात तांदळाचे दाणे मुठीत धरून बायका कहाण्या ऐकत आल्या. त्यांतल्या नावडत्या राणीचं दुःख कुणाचं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. शेवट मात्र ठरलेला: व्रत करा, वसा घ्या, दिवस पालटतील. आपल्याला आडोसा तोच हवा आहे, शेवट वेगळा.

मराठी कादंबरीनेही हे काम फार लवकर हाती घेतलं. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चा (१८५७) विषयच विधवांची स्थिती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो!’ लिहिली ती यमूच्या तोंडून. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनातलं उघड्यावर आणलं तेव्हा अशी खळबळ उडाली, की लिहिणारी कोण याचाच शोध सुरू झाला. पुढे मालती बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या या लेखिकेलाही आधी टोपणनावाचा आडोसा घ्यावा लागला होता.

आता निवडीच्या कसोटीबद्दल. एरवी विचारलं जातं ते असं: यातून संदेश काय मिळतो? नायिका कणखर आहे का? या प्रश्नांमधून निवडलेल्या गोष्टी एका साच्यातल्या निघतात. पहिल्या पानावर अन्याय, पाचव्यावर जागृती, दहाव्यावर विजय. ऐकणाऱ्या टाळ्या वाजवतात आणि घरी जातात, कारण बोलायला काही उरलेलंच नसतं. माझे प्रश्न तीन आहेत. या गोष्टीत घराबाहेर कोण जातं? ठरवतं कोण? आणि गोष्ट संपल्यावर आपल्याला आपसांत भांडायला काही शिल्लक राहतं का? हे तीन प्रश्न हाताशी धरून तीन वयांसाठी काही पुस्तकं सुचवते. काही नवी आहेत, काही जुनी. चांगली गोष्ट पहिल्यांदा वाचणारीला नवीच असते.

लहानग्यांसाठी

मराठी मूल बहुधा पहिली गोष्ट ऐकतं ती चिमणी-कावळ्याची. कावळ्याचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीचं दार वाजवतो आणि ती आतून एकेक काम सांगत राहते, सगळी बाळाची. चिमणी घरात, कावळा बाहेर. पाठोपाठ येते भोपळ्यातली म्हातारी. हिच्याकडे नीट पाहायला हवं. एक म्हातारी एकटीच जंगलातून लेकीकडे निघते. वाघ अडवतो, त्याला ती बोलण्यात गुंडाळते. लेकीकडे मनसोक्त खाऊनपिऊन जाडजूड होते आणि भोपळ्यात बसून परत येते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही अशी रीत जिथे होती, त्याच मुलखात एकटीने प्रवास करणारी, आवडीने खाणारी, लेकीच्या घरी हक्काने राहणारी ही बाई पिढ्यान् पिढ्या टिकून राहिली. ती टिकवली कुणी? आज्यांनीच.

छापील पुस्तकांत मात्र बाहेरचं जग मुलग्यांच्या ताब्यात गेलं. गोट्या, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे: वेगवेगळ्या पिढ्यांचे लाडके नायक, तिघेही मुलगे. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’प्रमाणे ‘चिंगी’ही लिहिली, पण नाव घराघरांत पोचलं ते गोट्याचं. ही पुस्तकं मुलींनी वाचू नयेत असं मुळीच नाही. मुलींनी ती जीव लावून वाचली, कारण सायकलवर टांग मारून निघणारं कुणीतरी त्यांना हवंच होतं. फक्त निघायचं ते मुलग्याच्या अंगात शिरून.

आता हे चित्र पालटतं आहे. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं प्रत्येक बालवाडीत, प्रत्येक पाळणाघरात हवीत. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ‘राधाचं घर’पासून सुरुवात करावी. त्यांच्या पुस्तकांतलं घर खरं घर असतं. तिथे पसारा असतो, मोठी माणसं चुकतात, मुलं रुसतात आणि नको ते प्रश्न विचारतात. उपदेश कुठेच नसतो. चित्रंही त्यांचीच, आणि चित्रात पाहण्यासारखं इतकं असतं, की अक्षर न येणारं मूलसुद्धा ‘वाचू’ शकतं. तशीच वाचू शकते अक्षर न येणारी आजी.

थोड्या मोठ्या मुलांसाठी संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ आहे. तिला २०२२ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. एक मुलगी वहीत लिहीत जाते, एवढीच गोष्ट. पण मुलीची स्वतःची वही असणं, तिच्यात तिने स्वतःच्या मनाने लिहिणं आणि ती वही कुणी न विचारता वाचायची नसते हे मान्य होणं, या तीन गोष्टी आपल्या किती घरांत घडतात? पुस्तक वाचून झाल्यावर प्रत्येक मुलीला एक कोरी वही द्यावी. दुसरा उपक्रम नको.

तिसरं पुस्तक महाश्वेता देवींचं. त्यांची मोयना शबर या आदिवासी जमातीतली. ती शेळ्या राखते आणि दिसेल त्याला ‘का?’ म्हणून विचारते. जमीनदाराच्या शेळ्या मीच का राखायच्या, त्याचं उष्टं मी का खायचं, हे तिचे प्रश्न. २००३ मध्ये चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने ही गोष्ट चित्रांसह काढली. आश्रमशाळेत किंवा वीटभट्टीवरच्या वर्गात ती वाचली तर मुलं आपले ‘का?’ लगेच सांगू लागतात. त्यांची उत्तरं द्यायची तयारी मात्र ठेवावी.

एक आग्रह आहे. ही पुस्तकं मुलग्यांनाही वाचून दाखवावीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा मिळून घरकाम करत असल्याची चित्रं आली तेव्हा त्याची बातमी झाली होती. ज्या गोष्टीची बातमी होते ती अजून रोजची झालेली नसते. चित्र दाखवून मुलाला एवढंच विचारावं: या चित्रातला बाबा काय करतोय? आणि तुझ्या घरातला?

वाढत्या मुलींसाठी

खरा खड्डा इथे आहे. बारा-तेराव्या वर्षी मुलीचं बाहेर जाणं कमी होतं, खेळणं थांबतं, मोबाइलवर घरच्यांची नजर बसते. त्याच वेळी तिची पुस्तकंही संपतात. बालसाहित्य तिला बाळबोध वाटतं आणि मोठ्यांची पुस्तकं ‘तुझ्या वयाची नाहीत’ म्हणून काढून घेतली जातात. मध्ये उरतात त्या दूरचित्रवाणीवरच्या मालिका. त्यांत तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुलगी नवी साडी नेसून सासूचं मन जिंकण्याच्या खटपटीत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. म्हणजे पाचातल्या एकीहून जास्त. एवढं मोठं, जन्माचं ठरवणं जिच्याबाबत सोळाव्या वर्षी होऊन जातं, तिला ‘ठरवणं’ म्हणजे काय हे निदान गोष्टीत तरी करून पाहायला मिळायला नको का?

पहिलं पुस्तक सुचवते ते जुनं: शांता शेळके यांनी केलेला ‘चौघीजणी’ हा अनुवाद. लुइसा मे अल्कॉटची मूळ कादंबरी अमेरिकेतली, तिचा पहिला भाग १८६८ मध्ये निघाला. युद्धाच्या काळातलं, ओढगस्तीतलं घर, चार बहिणी, चौघींच्या चार तऱ्हा. दुसरी बहीण ज्यो गोष्टी लिहून पैसे मिळवते, आणि आजारी वडिलांकडे निघालेल्या आईला मदत व्हावी म्हणून आपले लांब केस विकून येते. या एका प्रसंगावर मुली तासभर बोलतात. केस तिचे होते, मग विचारायचं कुणाला? आणि रात्री ती रडली ते का? पुस्तकात धार्मिक उपदेश बराच आहे, तो मुलींना खटकला तर खटकू द्यावा. ज्योचं शेवटी लग्न व्हायला हवं होतं की नको, यावर दोन तट पडतात. तसे पडले तर वाचन नीट झालं म्हणायचं.

दुसरी गोष्ट छोटी आहे आणि तोंडी सांगण्यासारखी आहे. बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिली, म्हणजे सुलतानाचं स्वप्न. तिथे पुरुष पडद्यात आणि बायका राज्य चालवतात. बायकांच्या विद्यापीठांनी सूर्याची उष्णता साठवायची आणि ढगांतून पाणी उतरवून घ्यायची विद्या शोधलेली आहे. शत्रू चालून येतो तेव्हा सैनिकांऐवजी साठवलेलं ऊन त्याच्यावर सोडलं जातं. एकशे वीस वर्षांपूर्वी पडद्यात वाढलेल्या बाईने सौर ऊर्जेची कल्पना मांडावी, याचं मुलींना फार कौतुक वाटतं. पुढे १९११ मध्ये रोकेयांनी कोलकात्यात मुस्लिम मुलींसाठी शाळा चालू केली. आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी ‘पालखीचा गोंडा’मध्ये (१९२८) बाईने चालवलेल्या संस्थानाचं स्वप्न रंगवलं. या दोन गोष्टी सांगून झाल्यावर मुलींना विचारावं: आपलं गाव तुमच्या हातात दिलं तर? पुरुषांना पडद्यात ठेवाल का? या प्रश्नावरचा वाद ऐकण्यासारखा असतो. काहीजणी ‘हो’ म्हणतात, आणि मग कुणीतरी आपल्या धाकट्या भावाची बाजू घेते.

तिसरं पुस्तक सुचवल्यावर काही मैत्रिणी नाक मुरडतील. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४). आणीबाणीच्या काळातली, नववीतल्या मुकुंदची गोष्ट. त्याला वर्गातली शिरोडकर आवडते. मुलांना आणि मुलींना ती सारखीच आवडते, २०१२ मध्ये तिच्यावरचा चित्रपटही आला. कादंबरी प्रामाणिक आहे, भाषा जिवंत आहे. पण ती सारी मुकुंदच्या डोळ्यांतून आहे. शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याला दिसते तेवढीच. मुलगा आपल्या मागे येतो आहे हे कळल्यावर तिच्या पोटात काय झालं? ते घरी कळलं तर शाळा बंद होईल ही भीती तिला वाटली का? तिलाही तो आवडत होता का, आणि आवडत असला तर ते सांगायची तिला सोय होती का? म्हणून ‘शाळा’ मुलगे-मुली एकत्र बसून वाचावी आणि त्यातला एखादा प्रसंग शिरोडकरच्या बाजूने लिहायला सांगावा, दोघांनाही. प्रेम आणि पाठलाग यांतला फरक सांगायला आपण किती व्याख्यानं देतो! मुलग्याने एक पान शिरोडकर होऊन लिहिलं तर त्याला तो व्याख्यानावाचून कळेल.

चौथी, ऊर्मिला पवार यांची ‘कवच’ ही कथा. आंबे विकायला निघालेली आई, तिच्याशी द्व्यर्थी बोलणारे पुरुष, आणि ते ऐकून शरमेने अर्धमेला होणारा तिचा लहान मुलगा. कवच कुणाला हवं आहे आणि कुणाकडे आधीपासून आहे, हे मुलींनी स्वतःच शोधावं. शब्द उघडे आहेत म्हणून ही कथा टाळू नये. तिच्यातले शब्द मुलींनी रस्त्यावर, बसस्टॉपवर आधीच ऐकलेले असतात. ते पुस्तकात छापलेले पाहिले की आपण एकट्या नाही हे कळतं.

सोळा-सतराच्या पुढच्या मुलींसाठी शिल्पा कांबळे यांची ‘निळ्या डोळ्यांची मुलगी’ (२०१४) ही कादंबरी. दलित मुलीचं वाढणं, शिकणं, हवंनको स्वतःचं स्वतः ठरवू पाहणं. ‘मराठी कादंबरीचा आमच्याशी काय संबंध?’ असं विचारणाऱ्या मुलीच्या हातात आधी हेच द्यावं.

आपल्यासाठी

कार्यकर्त्या इतरांसाठी पुस्तकं निवडतात आणि स्वतः अहवाल वाचतात. आडोशाची गरज आपल्यालाही असतेच.

कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) कुठल्याही संघटनेत सक्तीची असावी असं मी गमतीने म्हणते, पण त्यात गंमत थोडीच आहे. घरात ‘ब्र’ न काढणारी प्रफुल्ला संस्थेच्या कामासाठी बाहेर पडते आणि आदिवासी भागातल्या, राखीव जागेवर निवडून आलेल्या स्त्री-सरपंचांना भेटत जाते. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्मं झालं. या आकड्यांच्या मागे काय घडतं ते ‘ब्र’मध्ये आहे. त्याहून अवघड गोष्टही आहे: संस्थांच्या आतलं राजकारण, अहवालांमधला खोटेपणा, कार्यकर्तीचा एकटेपणा. बैठकीत आपल्या संस्थेबद्दल जे बोलता येत नाही ते प्रफुल्लाच्या संस्थेबद्दल बोलता येतं. २०१८ मध्ये कविता महाजन गेल्या. त्यांनी इस्मत चुगताईंच्या कथांचा ‘रजई’ हा अनुवादही केला आहे. इस्मतआपांच्या ‘लिहाफ’वर चाळीसच्या दशकात लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला झाला होता. बाईची इच्छा, आणि बाईला बाईबद्दल वाटणारी ओढ, या विषयांवर आजही किती गट बोलतात? बोलायचं ठरवलंच तर सुरुवात या पुस्तकापासून करता येईल.

ज्यांना नवी कथा हवी आहे त्यांनी मनस्विनी लता रवींद्र यांचा ‘ब्लॉगच्या आरशापल्याड’ हा संग्रह पाहावा. त्याला २०१६ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. नावात आई आधी आहे, हे तर तुम्ही पाहिलंच असेल. शहरातल्या, नोकरी करणाऱ्या, नाती जोडणाऱ्या-तोडणाऱ्या तरुण मुलींना आपण चटकन ‘सगळं आयतं मिळालेल्या’ ठरवून मोकळ्या होतो. त्यांच्याशी बोलणं चालू ठेवायचं तर त्यांच्या गोष्टी वाचायला लागतील. आणि त्या मुलींनी आपल्या बाजूने गौरी देशपांडे यांची ‘एकेक पान गळावया’ (१९८०) आणि कमल देसाई यांची ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’ (१९७५) वाचावी. देवाणघेवाण दोन्हीकडून व्हावी.

शेजारच्या कानडीकडेही पाहू या. बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या संग्रहाला मे २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. बारा कथा, १९९० पासून तीन दशकांत लिहिलेल्या. बानू मुश्ताक स्वतः वकील आहेत, कर्नाटकातल्या बंडाय चळवळीतल्या आहेत, आणि त्यांच्या कथांतल्या बायका आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकाच आहेत. शीर्षककथेतली मेहरून नवऱ्याने दुसरी धरली म्हणून माहेरी येते, भाऊ तिला समजूत घालून परत नेऊन सोडतात. रात्री ती रॉकेल घेऊन अंगणात उतरते, आणि तिला अडवते तिची मोठी मुलगी. ही कथा वाचल्यावर विचारायचा प्रश्न मेहरूनबद्दलचा नसावा. प्रश्न असा: तिचे भाऊ वाईट होते का? खोलीत दोन मिनिटं शांतता पसरते. कारण प्रत्येकीचा भाऊ असतो, आणि आपल्यातल्या कितीतरीजणी कुणाची तरी आई, काकू, वहिनी म्हणून अशा बैठकीला बसलेल्या असतात, जिथे लेकीला परत धाडायचं ठरतं. इंग्रजी वाचणारी एखादी गटात असेल तर तिने कथा मराठीत सांगावी. अनुवादाची वाट पाहत बसू नये.

शेवटचं, गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’. मूळ हिंदी २०१८ चं. डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादासह तिला २०२२ चा हाच पुरस्कार मिळाला. नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेली ऐंशी वर्षांची अम्मा एक दिवस उठते, मुलाच्या घरातून निघते, हिजडा समाजातल्या रोज़ीशी मैत्री करते आणि पार सीमा ओलांडून पाकिस्तानात जाते. कादंबरी मोठी आहे, वळणं घेत चालते. सरसकट सगळ्यांना ती पेलणार नाही, हेही सांगून ठेवते. पण ज्या गटात साठीच्या पुढच्या बायका आहेत त्यांनी तुकड्यातुकड्याने वाचावी. भोपळ्यातल्या म्हातारीची ही थोरली बहीणच आहे.

पुस्तकं आणायची कुठून, वाचायची कशी?

पैशांचा प्रश्न खरा आहे, पण अडून बसण्याइतका नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीवर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, छापून घेता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याची किंमत परवडण्याजोगी असते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, त्याची रीत उचलण्यासारखी आहे: पुस्तकांची पेटी एका गटाकडे द्यायची, आणि काही महिन्यांनी गटांनी पेट्या आपसांत बदलायच्या. तालुक्यातल्या पाच संघटना एकत्र आल्या तर पाच पेट्या होतात.

सार्वजनिक ग्रंथालयंही आपलीच आहेत. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि त्याखाली गावोगावच्या ग्रंथालयांना शासनाचं अनुदान मिळतं. ते आपल्या करातून येतं. तरी कितीतरी ठिकाणी संध्याकाळी तिथे पुरुष वर्तमानपत्र उघडून बसतात, म्हणून मुली पायरी चढत नाहीत. दहा जणींनी मिळून सभासद व्हावं, आठवड्यातली एक दुपार मुलींसाठी मागून घ्यावी, आणि पुढच्या खरेदीसाठी वर दिलेल्या पुस्तकांची यादी लेखी द्यावी. आपण रेशन दुकानासाठी जसं भांडतो तसंच.

वाचायचं मोठ्याने. गटात सगळ्यांना वाचता येतंच असं नाही, आणि ज्यांना येतं त्यांनाही ऐकायला आवडतं. बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर वीस मिनिटं पुरतात. वाचणारीने पाळी बदलावी. मध्येच थांबून ‘यातून आपण काय शिकलो?’ हे विचारू नये, त्या प्रश्नाने गटाची शाळा होते. आणि गोष्टीबद्दल बोलताना कुणी बाई थांबली, आवाज जड झाला, तर ‘तुझ्याही घरी असंच होतं का?’ असं सर्वांदेखत विचारू नये. तिने आडोसा घेतला आहे, तो आपण ओढून काढायचा नाही. बैठक संपल्यावर चहाच्या वेळी तिच्या शेजारी जाऊन बसावं. सांगायचं असेल तर ती सांगेल. तिथून पुढे कायद्याची पुस्तिका आहेच.

या यादीत अजून नसलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. आईबापांबरोबर दरवर्षी उसाच्या फडावर जाणाऱ्या आणि शाळेत परत येऊन मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलीची गोष्ट मला द्यायची आहे. मोहल्ल्यातल्या, वसतिगृहातल्या, चाकाच्या खुर्चीतल्या मुलीची गोष्ट द्यायची आहे. धाकट्या भावंडांना सांभाळता सांभाळता फास्टर फेणेसारखा चोर पकडणाऱ्या मुलीची तर हवीच हवी. लेखक-प्रकाशकांकडे त्या मागायच्या आहेतच. पण या गोष्टी ज्यांना ठाऊक आहेत त्या बायका-मुली आपल्याच बैठकांना येऊन बसतात. वाचनानंतरच्या गप्पांतून त्या बाहेर पडतील तेव्हा नाव-गाव बदलून, त्यांना विचारून, कुणीतरी लिहून ठेवाव्यात. तेवढ्यासाठी इतिवृत्ताच्या वहीशेजारी एक दुसरी वही ठेवली तरी पुरे.